चोरीचा निरोप

माणूस पाठीवरून न्यायचा असला की डोकोची एक बाजू कापावी लागते. कामट्यांची ती निमुळती टोपली एका अंगाने खाली उतरवली, की त्या खिंडीतून बसणाऱ्याचे पाय बाहेर लोंबतात. तळाशी घोंगडीची घडी घातली की बैठक तयार. वरून नाम्लोचा पट्टा वाहणाऱ्याच्या कपाळावर. यात बसणारा माणूस नेहमी पाठमोरा असतो. वाहणाऱ्याला पुढची वाट दिसते, बसलेल्याला मागे पडलेली.

रणधोज राईने असा डोको आजवर सहा-सात वेळा तरी कापला असेल. कधी अडलेल्या बाळंतिणीसाठी, कधी उंचीची बाधा होऊन बरळायला लागलेल्या परदेशी पाहुण्यासाठी, एकदा शाळेच्या हेडमास्तरांसाठी. पण स्वतःच्या बायकोसाठी डोको कापायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. सरिमाया म्हशीला पाला काढायला झाडावर चढली आणि पावसाने बुळबुळीत झालेल्या फांदीवरून खाली आली. उजवी मांडी मोडली. भादवा सरत आला होता तरी आभाळ फाटत नव्हतं. ढगात हेलिकॉप्टर येत नाही, आणि आलं तरी ते सोलुंगखासारख्या खेड्यातल्या लोकांसाठी नसतं. इस्पितळ खालच्या बाजारात, पायी दोन दिवसांवर. वैद्याने बांबूच्या पट्ट्या लावून पाय बांधून दिला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रणधोजने कोयता घेऊन अंगणात डोको कापायला घेतला.

रणधोज तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. बत्तीस वर्षं ओझी वाहिलेला. तांदूळ, रॉकेल, पत्रे, प्लायवूड, बियरची खोकी. एका लॉजसाठी तर त्याने आख्खा फ्रीज खिंडीपलीकडे नेला होता. तो फार बोलका नव्हता, पण अस्वलाची एक हकीकत मात्र तो घरची जांड चढली की हमखास सांगायचा. खिंडीखालच्या रानात वाटेच्या मधोमध एक अस्वल बसलं होतं. पाठीवर पंच्याऐंशी किलो पत्रे. खाली ठेवले तर आवाज होणार, आणि एकट्याने परत उचलता येणार नाहीत. मग याने आपली आखूड टेकणकाठी ओझ्याखाली लावली आणि उभ्या उभ्या अस्वलाकडे बघत राहिला. तासभर. शेवटी अस्वलच कंटाळून उठून गेलं. "ओझं कुठेही टाकायचं नसतं," एवढंच त्याचं त्यावरचं तात्पर्य असे. "विसाव्याच्या चौताऱ्यावर ठेवायचं. नाहीतर काठीवर टेकायचं."

त्या सकाळी त्याची धाकटी लेक आईचा पाय पुन्हा एकदा आवळून बांधत होती. घरात सगळे तिला कान्छीच म्हणत. वय एकोणीस. थोरला मुलगा मलेशियात, म्हणजे घरात आता ती, हे दोघं आणि रणधोजचा म्हातारा बाप, ज्याला ऐकू येत नसे आणि दुपारनंतर फारसं दिसतही नसे.

"आपा, मी पण येते," कान्छी बापाला म्हणाली. "वाटेत आमाचा पाय धरायला कुणीतरी हवं."

"आणि म्हैस? आजोबांना कोण वाढणार? तू घर सोडायचं नाहीस."

एरवी दहा वेळा हट्ट धरणारी पोरगी त्या दिवशी एकदाच बोलली. मग तिने भाजलेल्या मक्याची पुरचुंडी आईच्या मांडीवर ठेवली आणि आत गेली.

शेजारच्याच अंगणात रणधोजची भावजय फूलमती मका वाळत घालत होती. तिची दोन पोरं उंबऱ्यावर बसून शाळेत जायचं टाळत होती. तिचा नवरा, म्हणजे रणधोजचा धाकटा भाऊ जयधोज, पहाटेच वर रानात निगालो कापायला गेला होता. त्या बारीक बांबूच्या कामट्या काढून तोच सगळ्या वाडीला डोको विणून देई.

"भाऊजी, दिदीला नीट न्या," फूलमती म्हणाली. "हेंदकळवू नका."

"अंडी नाही नेत मी," रणधोज म्हणाला.

"अंडी असती तर जपून नेली असतीस," सरिमाया डोकोतून म्हणाली, आणि फूलमती तोंडाला पदर लावून हसली.

वाट वाडीतून सरळ खाली नदीकडे उतरते. खाली झुलता पूल, आणि पुलापलीकडे समोरच्या डोंगराचा उभा चढ. त्या चढावरून जाणाऱ्याच्या पाठीशी अख्खं सोलुंगखा असतं. खाली अकरा घरांची वाडी, मध्ये पायऱ्यापायऱ्यांची शेतं, वर दुसरी वाडी, आणि त्याच्याही वर उतीसच्या झाडांचं रान, ढगात शिरलेलं. रणधोजला त्यातलं काही दिसत नव्हतं. त्याला स्वतःच्या पायापुढची दोन हात वाट दिसत होती. सरिमायाला सगळं दिसत होतं, आणि दुखणं विसरण्यासाठी म्हणून ती सगळं सांगत होती.

"तुझी ती लाल कोंबडी परत छपरावर गेली."

"हूं."

"फूलमतीने मका पसरलाय खरा, पण वर आभाळ बघितलंय का तिने? तासाभरात गोळा करावा लागणार."

"हूं."

"तोंड शिवलंय का, म्हाताऱ्या?"

"चढ आहे, म्हातारे. आणि तू काही हलकी नाहीस."

"बत्तीस वर्षं लोकांच्या बाटल्या वाहिल्यास, तेव्हा नाही कधी तक्रार केलीस."

"बाटल्या बोलत नव्हत्या."

ती हसली आणि हसण्याने पाय दुखला म्हणून कण्हली. मग म्हणाली, "बाबा अंगणात येऊन बसले. ऊन शोधतायत बिचारे."

"आणि कान्छी?"

"दिसत नाही. चुलीपाशी असेल."

वरचा चौतारा अजून दोन वळणं लांब होता. रणधोजच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. आणखी पन्नास पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की बायको बोलायची थांबली आहे.

"म्हाताऱ्या, थांब," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, साप दिसल्यावर पोराला हाक मारावी तसा.

"चौताऱ्यावर थांबू."

"थांब."

मग त्याला आवाज आला. पहिल्यांदा वाटलं, हेलिकॉप्टर आलं. मग पायाखालची वाट थरथरली. त्याला वाटलं, हीच थरथरतेय आणि तिचं थरथरणं आपल्या पाठीतून पायात उतरतंय. नंतर वास आला. ताजी उकरलेली माती आणि मोडलेल्या ओल्या लाकडाचा वास. आवाज बराच वेळ चालू होता, आणि मग एकदम थांबला.

"वाडी गेली," सरिमाया म्हणाली.

"कुठे?" रणधोजने विचारलं.

"खाली."

तो वळला. अरुंद वाटेवर, काठीचा आधार घेत, पाठीवरच्या माणसासकट. तो वळला तशी ती डोंगराच्या भिंतीकडे तोंड करून राहिली, म्हणजे जे तिने पाहिलं ते आता तो पाहत होता आणि तिच्यासमोर फक्त ओला दगड होता. दोघांना एकदम बघता येत नव्हतं.

समोरचा डोंगर रानापासून नदीपर्यंत सोललेला होता. बकरं सोलावं तसा. कातडं जिथून निघालं तिथे लालसर तपकिरी ओली माती, आणि ती अजून जागोजागी हळूहळू सरकत होती. वरची वाडी होती. मधली शेतं अर्धी होती. खाली काही नव्हतं. घरांचे ढिगारे असतील, तुळया असतील, असं तो शोधत राहिला, पण ढिगारेही नव्हते. एका कडेला कुणाच्या तरी गोठ्याची एक भिंत दारासकट उभी होती आणि दार बंद होतं. माणसाचा, कुत्र्याचा, कशाचाच आवाज नव्हता.

रणधोजने ते पाहिलं आणि तो पुन्हा वळला आणि चढ चढायला लागला.

हे त्याने का केलं ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. पाय चालत होते. पाठीवर ओझं होतं आणि ओझं ठेवायची जागा वर होती. सरिमाया डोकोच्या काठावर मुठी मारत होती, "अरे माझी पोर, कुठे चाललास, वळ मागे," असं म्हणत होती, आणि ते त्याला ऐकू येत होतं, पण दुसऱ्या कुणाशी तरी चाललेलं बोलणं कानावर पडावं तसं. तो दोन्ही वळणं चढला. चौताऱ्याच्या दगडावर डोको नीट टेकवला, नाम्लो कपाळावरून काढला, घोंगडी सरळ केली. मग तो जमिनीवर बसला.

सरिमायाने त्याच्या खांद्याला धरून हलवलं. "ऐक. मला इथे राहू दे. तू जा. कान्छी चुलीपाशी होती. चूल आतल्या अंगाला आहे, भिंत जाड आहे. जा तू."

तो उठला आणि धावत सुटला.

खाली पोचेपर्यंत त्याला कळेना की काय चुकतंय. काहीतरी नव्हतं. पुलाशी आल्यावर कळलं, नदीचा आवाज नव्हता. जन्मल्यापासून जो आवाज रात्रंदिवस कानात होता तो बंद होता. दरड वरच्या अंगाला नदीत उतरून आडवी पडली होती आणि खाली पात्र कोरडं. पुलाचा पलीकडचा खांब उपटून निघाला होता आणि पूल तारांना लोंबत होता. पात्रातल्या काळ्या दगडांच्या मधल्या डबक्यांत मासे उड्या मारत होते. पाणी कधीही फुटणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तो पात्रात उतरला आणि आजवर कुणी पाऊल न टाकलेल्या त्या दगडांवरून पलीकडे गेला.

पलीकडे चिखल मांडीपर्यंत येत होता. आपलं घर कुठे होतं ते त्याला सापडेना. ज्या खुणांनी माणूस घर ओळखतो, तो पिंपळ, तो पाण्याचा नळ, ती पायरी, त्यांतलं काहीच जागेवर नव्हतं. त्याने समोरच्या डोंगरावरचा चौतारा पाहिला आणि अंदाज बांधला, कारण अंगणातून चौतारा कसा दिसतो ते त्याला माहीत होतं. तिथे उभा राहून तो हातांनी उकरायला लागला.

थोड्या वेळाने वरून जयधोज आला. पाठीवर निगालोची मोळी तशीच होती, ती उतरवायचं त्याला सुचलं नव्हतं. तो थोरल्या भावाशेजारी येऊन उभा राहिला.

"दाइ, आमचं घर कुठे?"

रणधोजने हाताने दाखवलं. डावीकडे, वीस पावलांवर. दोघांचं अंगण एकाला एक लागून होतं. जयधोज तिकडे गेला, मोळी खाली ठेवली आणि तोही उकरायला लागला.

वरच्या वाडीचे लोक कुदळी-फावडी घेऊन आले. दुपारी नदी फुटली. आधी गडगडाट झाला, मग काळं पाणी झाडं आणि खडक घेऊन गेलं, आणि उरलेला पूलही गेला. रणधोजने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. समोरच्या चौताऱ्यावर दोन भारवाही आले होते, कुठल्या तरी मालाची फेरी करून परतणारे. त्यांनी डोको उचलला. एवढ्या लांबून बोटाएवढी दिसणारी सरिमाया याच्याकडे तोंड करूनच वर वर जात राहिली. हाक पोचण्यासारखी नव्हती, नदी पुन्हा ओरडत होती. त्याने हात केला नाही. तिनेही केला नाही. काय सांगायचं होतं हात करून?

पहिल्या दिवशी दोघं सापडली, दुसऱ्या दिवशी आणखी दोघं. वाडीतली सतरा माणसं गेली होती. फोनचा खांब दरडीबरोबर गेला होता, तेव्हा कुणाला कळवायची सोय नव्हती. पोलीस वाटेत आहेत एवढं तोंडोतोंडी ऐकू येत होतं. रणधोज वरच्या वाडीत कुणीतरी पुढ्यात ठेवलेला मक्याच्या पिठाचा ढिंडो गिळत होता आणि उजाडलं की खाली येत होता. त्याला रडू येत नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच वाक्य होतं, 'तू घर सोडायचं नाहीस.' कुदळ उचलली की ते वाक्य यायचं, खाली मारली की जायचं.

एक मोठा खळगा झाला. त्यात पितळी हंडा सापडला, म्हशीची साखळी सापडली, एक चप्पल सापडली. ती फूलमतीची होती. त्याने ती वीस पावलं चालत जाऊन जयधोजला दिली. जयधोजने ती बघितली, पुसली आणि मोळीवर ठेवली. दोघं भाऊ तीन दिवस एकमेकांशी एवढंच बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ढग जरा वर सरकले आणि रानातल्या वाटेने दोन म्हातारे खाली येताना दिसले. धुतलेले कपडे, डोक्याला टोपी, पुढच्याच्या हातात लाकडी सुरई आणि दुसऱ्याच्या काखेत पाय बांधलेला कोंबडा. ते डोंगरधारेपलीकडच्या खिदिमाचे होते, अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचे, पहाटेच्या आधी निघालेले. रानातून बाहेर आल्यावर ते थांबले. मग वरच्या वाडीतल्या कुणाला तरी त्यांनी काही विचारलं, त्याने खाली बोट केलं, आणि ते चिखलातून वाट काढत रणधोजच्या खळग्याशी आले.

"रणधोज राई तुम्हीच का?" सुरईवाल्याने विचारलं. त्याचं नाव हस्तबीर.

"मीच."

म्हाताऱ्याने सोबत्याकडे पाहिलं. सोबती कोंबड्याकडे बघत होता. म्हातारा घरून जे बोलायला आला होता ते पिढ्यानपिढ्या ठरलेलं बोलणं होतं आणि ते अंगणात, उंबऱ्यासमोर, सुरई पुढे ठेवून बोलायचं असतं. इथे अंगण नव्हतं. दुसरं काय बोलावं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी तो चिखलात गुडघे टेकून बसला, सुरई समोर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाला,

"तुमच्या घरातली एखादी वस्तू हरवली असेल, तर शोधू नका. ती आमच्याकडे आहे. सुखरूप आहे. चोर आमच्या घरचा आहे, दंड काय तो सांगा."

राई लोकांत पोरगी राजीखुशीने पळून गेली, की मुलाकडचे तीन दिवसांच्या आत असा निरोप घेऊन येतात. रणधोजने स्वतः दोन वेळा दुसऱ्यांसाठी असा निरोप नेला होता. त्याला शब्द न् शब्द पाठ होता. तरी त्याला अर्थ लागेना.

"काय हरवलं?" त्याने विचारलं.

"तुमची कान्छी," म्हातारा म्हणाला. "आमच्या दीपेनबरोबर आलीय. तुम्ही निघालात त्याच सकाळी, तुमच्यामागोमाग, रानाच्या वाटेने. आम्हाला यातलं... आम्हाला हे काही माहीत नव्हतं हो. आत्ता रानातून बाहेर आल्यावर दिसलं."

रणधोजच्या हातात कुदळ होती. त्याने ती उचलली आणि खळग्यात मारली. पुन्हा उचलली, पुन्हा मारली. दोन म्हातारे बघत राहिले. तिसऱ्यांदा त्याने ती उचलली आणि वरच धरून ठेवली.

"मग मी कुणाला शोधतोय?" तो म्हणाला.

आणि तेव्हा त्याला बाप आठवला. तीन दिवसांत एकदाही आठवला नव्हता. ऊन शोधत अंगणात येऊन बसलेला त्याचा बाप याच मातीखाली होता, आणि याच्या तोंडून, मनातून, एकदाही त्याचं नाव निघालं नव्हतं. त्याने कुदळ खाली ठेवली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

मागे पावलं वाजली. जयधोज येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. दाढी चिखलाने माखलेली, डोळे लाल. तो हस्तबीरच्या समोर उकिडवा बसला आणि अगदी अदबीने, थोरांशी बोलावं तसं, म्हणाला,

"काका, आमचंही काही आहे का तुमच्याकडे? एक बाई आणि दोन पोरं आहेत. मुलगी सात वर्षांची आहे. पोरगं चार."

हस्तबीरने मान हलवली. नाही म्हणून.

"बरं," जयधोज म्हणाला, आणि उठून आपल्या जागी गेला.

हस्तबीरने सुरईचं बूच काढलं आणि आतली रक्सीची दारू घोटभर मातीवर ओतली. मग दोन्ही म्हाताऱ्यांनी धुतलेले कपडे गुडघ्यावर खोचले आणि जयधोजच्या खळग्यात उतरले. कोंबडा तसाच बांधलेला कडेला पडून राहिला.

जयधोजनेच दुपारी भावाला हाकललं. "दाइ, जा. डोळ्यांनी बघून ये. बाबांना मी शोधतो."

रणधोज धार चढून गेला. पाठीवर काही नव्हतं. बत्तीस वर्षांत इतका चढ तो मोकळ्या पाठीने कधी चढला नव्हता आणि त्याचा तोल राहत नव्हता. ओल्या रानात वानरं त्याला बघून फांद्यांवर गप्प झाली. त्याला मध्येच वाटे, हे खोटं आहे, म्हाताऱ्यांना चकवा लागलाय, दुसरीच कुणी पोरगी असेल.

खिदिमात पोचला तेव्हा ऊन कलत होतं. एका परक्या घराच्या ओट्यावर कान्छी मका सोलत बसली होती. कपाळाला टिळा होता. तिने चिखलाने माखलेला, लाल डोळ्यांचा बाप अंगणात आलेला पाहिला आणि ती उठून भिंतीला टेकली.

"आपा, मारू नका," ती एका दमात म्हणाली. सगळं तीन दिवस घोकून ठेवल्यासारखं. "मला कुणी ओढून आणलं नाही. माझ्या मर्जीने आले. म्हशीला पाणी दाखवून आले. आजोबांना जेवायला वाढलं, काकीला सांगितलं, मी अळंब्या बघायला रानात जाते, संध्याकाळी त्यांना काकी वाढेल. म्हशीचं पण काकी बघते म्हणाली. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला नसता."

रणधोजने जवळ जाऊन तिचा दंड धरला. मग दुसरा दंड धरला. घट्ट, दुखेल इतका. ती मार खायला तयार होऊन डोळे मिटून उभी होती.

मार आला नाही तेव्हा तिने डोळे उघडले. "आजोबा फार रागावलेत का?" तिने विचारलं.

त्याला सांगावं लागलं. त्याने कसं सांगितलं हे त्यालाही आठवत नाही, कान्छीलाही नाही. घरातली माणसं सांगतात की पोरगी रडली नाही. ती पुन्हा बसली आणि उरलेली कणसं सोलायला लागली. सगळी सोलून झाल्यावर म्हणाली, "काकीला मी खोटं सांगितलं," आणि मग ती ओट्यावर आडवी झाली ती दुसऱ्या दिवसापर्यंत उठली नाही.

सरिमायाला गाठायला त्यांना खालच्या मोठ्या पुलापर्यंत वळसा घालून चार दिवस लागले. इस्पितळात नर्सने सांगितलं की बाई पाय ओढून बांधताना ओरडली नाही, आल्यापासून कुणाशी बोललीही नाही. रणधोजने कान्छीला बाहेर थांबवलं. एकदम समोर नेली तर बायकोचं काळीज बंद पडेल अशी त्याला भीती वाटली. तो एकटा आत गेला आणि खाटेच्या कडेला बसला.

"म्हातारे," तो म्हणाला, "बाबा सापडले. जयला सापडले. अंत्येष्टी करून आलो."

तिने डोळे मिटून मान हलवली.

"फूलमती सापडली नाही. पोरंही नाहीत."

तिने पुन्हा मान हलवली.

"कान्छी पळून गेली होती. खिदिमाला. त्याच सकाळी."

सरिमायाने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. मग तिने हात पुढे करून त्याच्या दाढीवर ठेवला. "तू जेवलास का रे?" ती म्हणाली. "किती दिवस जेवला नाहीस?"

त्याला कळलं की आपल्याला वेड लागलं असं तिला वाटतंय. तो उठून दाराशी गेला आणि कान्छीला हाताला धरून आत घेऊन आला.

सरिमायाने लेकीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. कान्छी खाटेजवळ आली तशी तिने तिच्या एक थोबाडीत दिली, चांगली जोरात, शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली. मग तिने त्याच हाताने लेकीचं मनगट पकडलं आणि तीन दिवस सोडलं नाही. जेवताना सोडलं नाही, झोपताना सोडलं नाही. नर्सला औषध डाव्या हाताला टोचावं लागलं.

पाय जुळला, पण आखूड जुळला. खालच्या वाडीच्या जागी आता कुणी राहत नाही. वरच्या वाडीच्याही वर सपाटी काढून पत्र्याची आठ घरं झाली आणि ते सगळे पत्रे रणधोजने आणि जयधोजने मिळून वर नेले. कान्छीचं लग्न मंसिर महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडावर, रीतसर लागलं. लग्नात मुलीच्या काकीने तिच्या हातात पहिलं पान ठेवायचं असतं. ती वेळ आली तेव्हा जयधोज उठला, पान उचललं, पुतणीच्या हातात ठेवलं आणि परत जागेवर जाऊन बसला. कान्छी पान हातात घेऊन इतका वेळ उभी राहिली की सासरच्यांना वाटलं, ही आता परत आपल्याकडे येत नाही.

जयधोज भावाकडेच जेवतो. त्याने डोको विणणं सोडलं आणि तोही ओझी वाहायला लागला. लोक रणधोजला म्हणतात, नशीबवान आहेस, एकाच सकाळी तिघं वाचलात. जयधोज जवळ असताना कुणी म्हणालं तर रणधोज तिथून उठतो, काहीतरी काम काढतो. दोघं भाऊ खिंडीपर्यंत एकामागे एक जातात, मध्ये दहा-बारा पावलांचं अंतर ठेवून. वाटेत बोलत नाहीत. कुणी विचारलं तर दोघंही एकच सांगतात, की चढावर श्वास पुरत नाही.